पत्रकातली बाई

४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

दोन वर्षं आपण बोललो नाही, ते मला चाललं. तुलाही चाललेलं दिसतं. तुझ्या बाबांचं कपाट आवरताना तुला इस्पितळाचा तो कागद सापडला, तू तो माझ्यासमोर टेबलावर ठेवलास, मी ‘तुला काय करायचंय’ म्हटलं आणि तू चप्पल घालून निघून गेलीस. मी त्यावर एक शब्द काढणार नव्हते. आज लिहिते आहे ते तुझ्या पत्रकामुळे.

गुलाबी कागद, चार पानी घडी, वर मान खाली घातलेल्या बाईचं चित्र, आणि मथळा ‘निर्णयाआधी थांबा’. गर्भपातासाठी तुझ्या इस्पितळात येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात तू हे देतेस आणि दहा दिवसांनी या म्हणतेस. ते माझ्यापर्यंत कसं आलं, तेही सांगते. माझा डावा गुडघा बदलला, हे ठोंब्यानं तुला कळवलं असेलच. तुम्ही भावंडं माझ्या पाठीमागे बोलता, एवढं मला कळतं. रोज सकाळी दहाला एक मुलगी येऊन तो गुडघा वाकवते. तिला मी गुडघेवाली म्हणते, ती मला काकू म्हणते. तीस-एकतीसची असेल. हात लोखंडाचे, जीभ त्याहून. मी कण्हले की म्हणते, “काकू, शेजारी आधीच मला पोलीस समजतात.” अशी मुलगी आज आली ती डोळे सुजवून. माझा पाय अर्धा वाकवून तशीच थांबली. मग पिशवीतल्या रबरी पट्ट्यांखालून तिनं तुझं पत्रक काढलं आणि म्हणाली, “काकू, तुम्ही एवढं वाचता. असं खरंच होतं का हो?”

मी चष्मा लावला. तिसऱ्या पानावर चौकट. ‘माझ्या अगदी जवळच्या एका बाईची गोष्ट.’ पुढचं तुला पाठ असेल, तरी लिहिते, स्वतःचं लिहिलेलं दुसऱ्याच्या अक्षरात वाचलं की जरा वेगळं दिसतं. ‘तिनं गर्भपात केला आणि त्यानंतर ती अंथरुणाला खिळली. दोन वर्षं हिरवा स्वेटर अंगात घालून, भिंतीकडे तोंड करून ती पडून असे. घरातल्या तान्ह्या बाळाकडेही ती पाहू शकत नव्हती. सात वर्षांची मुलगी स्वतःची वेणी स्वतः घालून शाळेत जायची. पुढे ती बाई उठली, कामाला लागली, पण त्या एका निर्णयाचं ओझं सगळ्या घरानं वाहिलं.’

हिरव्या स्वेटरची तेवढी कृपा केली नसतीस तरी मी स्वतःला ओळखलं असतं.

गुडघेवालीचं ठरलं होतं. का ठरलं होतं ते मी विचारलं नाही, ती सांगायला बांधील नव्हती. पत्रक वाचून मात्र तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं. तिला भीती आपल्याला वेड लागण्याची. तिचं घर तिच्याच दोन हातांवर चालतं. मी म्हटलं, हे साफ खोटं आहे. ती म्हणाली, “डॉक्टरांनी लिहिलंय, काकू. तुम्हाला काय माहीत?”

मला काय माहीत. घरात, कार्यालयात, बँकेच्या खिडकीवर माझ्या जिभेला सगळे टरकून असतात, आणि मी त्या मुलीसमोर तोंडात गुळणी धरल्यासारखी बसले. ती बाई मी आहे, हे चार शब्द निघाले नाहीत. म्हणून माझा संताप निम्मा तुझ्यावर आहे. उरलेल्या निम्म्याचं मी बघून घेईन.

तिला तेरा तारखेला बोलावलंय. त्याआधी ते पत्रक मागे घे. माझी परवानगी न घेता तू मला भिंतीवर टांगलंस, त्याबद्दल नंतर भांडू. आधी ती गोष्ट चुकीची आहे म्हणून काढ.

आई


८ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

तुझं उत्तर मिळालं. इस्पितळाच्या छापील कागदावर, टंकलेखन केलेलं, खाली पदव्यांसकट सही. आईला पत्र लिहिताना पदव्या लागतात, हे आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर शिकवायला विसरल्या.

चार ओळींतली एक मी पुन्हा पुन्हा वाचली. ‘आई, त्या काळातलं नीट आठवण्याच्या स्थितीत तू नव्हतीस. मी होते.’

व्वा. म्हणजे रोगी झाले की साक्षही गेली. हे वाक्य तू रोज किती जणींना ऐकवतेस? त्यांच्यापैकी कुणी उठून तुझ्या टेबलावरचा तो काचेचा गोळा अजून तुझ्याकडे भिरकावला नाही, याचं मला नवल वाटतं.

तर माझ्या आठवणी राहू देत बाजूला. तुझं स्वतःचंच वाक्य घेऊ. ‘घरातल्या तान्ह्या बाळाकडेही ती पाहू शकत नव्हती.’ तान्हं बाळ कोण? आपल्या घरात तुझ्यानंतर एकच बाळ झालं. तुला सापडलेल्या कागदावरची तारीख बघ. त्या तारखेला ठोंब्या साडेतीन वर्षांचा होता. तान्हा कुठला, जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली यायचा आणि पोस्टमनला नावं ठेवायचा. आणि सात वर्षांची मुलगी? त्या तारखेला तू दहा वर्षांची होतीस, पाचवीत, केस कापून घेतलेले. वेणी घालायला केस तरी होते का?

एवढी शिकलेली बाई तू. दुसऱ्या कुणाच्या घरची हकिकत असती तर पहिल्या वाचनात पकडलं असतंस.

तरीही तू म्हणशील पुरावा. म्हणून काल मी काठी घेऊन वेधशाळेत गेले. मी तिथं एकतीस वर्षं हवामानाची नोंद केली, हे तुझ्या गोष्टीतल्या ‘कामाला लागली’ या दोन शब्दांत मावलंय. आता तिथं सगळं यंत्रं करतात; बागेतली तापमापक ठेवायची ती झडपांची पांढरी पेटी नुसती शोभेला उभी आहे. नोंदवह्या मात्र तळघरात आहेत. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं मला खुर्ची दिली आणि विचारलं, “आजी, कुठलं वादळ शोधताय?” मी म्हटलं, घरचंच.

तुला आमची पद्धत ठाऊक नसेल, कारण तू कधी विचारली नाहीस. सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच. ज्यानं आकडा डोळ्यांनी पाहिला त्यानंच लिहायचा आणि पुढं सही करायची. चुकलेली नोंद रिकामी ठेवायची. मागच्या-पुढच्या दिवसावरून अंदाजानं भरणाऱ्याला आमचे साहेब दाराबाहेर उभं करायचे. तू आमच्याकडे नोकरीला असतीस तर दुपारपर्यंत घरी गेली असतीस.

माझी सही त्या वह्यांतून दोनदा गायब झाली आहे. पहिल्यांदा ठोंब्याच्या वेळी सातवा महिना लागला तेव्हापासून, ते तो दोन वर्षांचा होईपर्यंत. दोन वर्षं आणि तीन महिने. तिथं दुसऱ्या बाईचं गोलगोल अक्षर आहे. त्यानंतर मी परत आले, दीड वर्षं एकही दिवस चुकलेला नाही. मग तुझ्या कागदावरची तारीख येते. त्या वेळी मी किती दिवस नव्हते, बघायचंय? चार. पाचव्या दिवशी सकाळी आठला माझी सही आहे, आणि निवृत्त होईपर्यंत आहे. पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

गर्भपातानंतर मी रडले का? हो. एकदा, न्हाणीघरात, बऱ्यापैकी रडले. पुढंही कधी कधी मनात आलं, आज ते पोर एवढं असतं. त्याला दुःख म्हणतात. आजार कशाला म्हणतात ते मला माहीत आहे, मी दोन्ही पाहिलेत. तुला एकाच नावाच्या डबीत दोन्ही भरता आले, कारण तू डॉक्टर आहेस.

आणि तुमच्या शास्त्रातले मोठे अभ्यास काय सांगतात, ते मी तुला शिकवायला हवं का? वाचनालयातल्या मुलानं मला शोधून दिले, मी शब्दकोश घेऊन वाचले. गर्भपातानं मनाचा आजार जडतो असं त्यांत निघत नाही. नको असताना दिवस गेले, तेच जड असतं, आणि आधीपासून मन आजारी असलेलीला पुढंही सांभाळावं लागतं, मग ती कुठल्याही वाटेनं जावो. ज्यांना नकार देऊन घरी पाठवलं, त्याच सुरुवातीला जास्त धास्तावलेल्या होत्या. हे सगळं तुझ्या कपाटात असणार. ते ठेवून तू आईचा स्वेटर छापलास.

तेरा तारीख जवळ आली आहे.

आई


११ फेब्रुवारी

चिमे,

काल तुझा फोन आला. ‘हॅलो’ नाही, ‘कशी आहेस’ नाही. तारखा बरोबर आहेत म्हणालीस, आणि मग एकच विचारलंस, “मग तू आजारी कशामुळे होतीस?”

मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल रागानं. रागानं ठेवला असता तर आधी चार शब्द सुनावले असते. तुझा प्रश्न बरोबर होता म्हणून ठेवला.

आता लिहिते. हे पत्र एकटीनं वाच आणि मी सांगेपर्यंत ठोंब्याला यातलं अक्षर कळू देऊ नकोस.

तुझ्या जन्मानंतर पाच-सहा महिने मी धड नव्हते. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी स्वयंपाक करत होते. स्वयंपाक करणाऱ्या बाईला कुणी आजारी धरत नाही. सहा वर्षांनी पुन्हा दिवस गेले तेव्हा मला पहिल्या आठवड्यातच कळलं की या वेळी मी बुडणार. मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, नवऱ्याला घेऊन या. तुझे बाबा आले. त्यांना वाईट म्हणत नाही, ते घाबरट होते. बाहेरच्या बाकावर बसून म्हणाले, “होऊ दे गं. सगळ्या बायकांचं होतं.” तुझी आजी घरी नातवाचं नाव ठरवून बसली होती. सही झाली नाही. मी तीन वेळा त्या दवाखान्यात गेले, चिमे. तिसऱ्या वेळी नर्सनं आतून सांगितलं, डॉक्टर नाहीत. त्यांची छत्री कोपऱ्यात ठिबकत होती.

ठोंब्या झाला तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलेलं होतंच.

तुला गच्ची आठवते. तू लहानपणी सांगायचीस, कसं एकदा वाऱ्यानं दार आपटलं आणि बाळ गच्चीवर अडकलं आणि तू शाळेतून येऊन स्टुलावर चढून कडी काढलीस. बाबांनी तुला शूर मुलगी म्हणून पाटी-पेन्सिलीचा नवा संच आणून दिला. वेधशाळेत मी वह्या चाळल्या तेव्हा तो दिवसही काढून पाहिला. वाऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, ‘शांत’. दुपारी त्याला मीच वर नेलं. चार महिन्यांचा होता. फरशीवर ठेवला, दार ओढलं, कडी लावली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसले. ऊन होतं. तो रडत होता आणि मला ते शेजारच्या घरातलं वाटत होतं. चाळीस मिनिटं. तू आली नसतीस तर किती, मला माहीत नाही. तू माझ्या अंगावरून वर गेलीस, दप्तरासकट.

त्या संध्याकाळी तुझ्या बाबांनी पहिल्यांदा मला खऱ्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. दीड वर्षानं मी स्वेटर काढला. आणि पुढं तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, “चल, मी सही करतो.” म्हणून तो कागद त्यांच्या कपाटात होता. त्यांनी आयुष्यात केलेली ती एक धीट गोष्ट, ती त्यांनी जपून ठेवली असावी.

राहिली तुझी चूक. ती तुझी नव्हे. मी इस्पितळातून आले त्या आठवड्यात आजीनं तुला ओट्याशी उभं करून सांगितलं, “तुझ्या आईनं घरातलं एक पोर घालवलं, त्याचंच हे सगळं भोगलंय तिनं.” कधी घालवलं ते तिनं सांगितलं नाही, तू ते आजाराआधीचं धरलंस. मी पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. ऐकलं. उठून दोन वाक्यांत तिचं खोटं तिच्या पदरात टाकता आलं असतं. मी विचार केला, राहू दे. हे खोटं टिकलं तर माझा आजार त्या न झालेल्या पोराच्या नावावर जाईल, आणि झालेल्या पोराच्या नावावर येणार नाही. न झालेल्याला काय, त्याला लागत नाही.

असं मी ते पस्तीस वर्षं वापरलं. आणि आता ते गुलाबी कागदावर छापून माझ्या गुडघ्यापाशी आलंय. मी तुझ्यावर इतकी भडकले, त्यातलं बरंच या हिशेबात होतं. सगळं नव्हे. तान्ह्या बाळाचं वाक्य तुझंच आहे.

वेणीबद्दल मी चेष्टा केली, ती मागे घेते. दुसरीतली वेणी मला आठवते. एक बाजू नेहमी वर असायची. मला ती दिसायची आणि हात उचलत नव्हता.

उद्या ठोंब्या जेवायला येतोय. त्याला मी सांगणार आहे. त्याच्याकडून कळल्याशिवाय तू हे कुणापुढे बोलायचं नाहीस.

आई


२० फेब्रुवारी

चिमे,

ठोंब्याचं आधी सांगते.

तो आला, बूट दारात काढले, नेहमीप्रमाणे सोफा सोडून जमिनीवर बसला. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून काम करणाऱ्याला जमीनच बरी वाटते म्हणे. जेवण होईपर्यंत मी बोलले नाही; उपाशी माणसाला असलं सांगू नये. मग सांगितलं. आधी डॉक्टरचं, मग भिंतीचं, मग गच्चीचं. मध्ये थांबले नाही.

त्यानं विचारलं, “किती वेळ?”

“चाळीस मिनिटं.”

“आणि मी झालो नसतो तर तू आजारी पडली नसतीस.”

“तेव्हा नाही.”

त्यानं ताट उचललं, घासलं, पालथं घातलं आणि गेला. सहा दिवस फोन नाही. मी केला नाही. रोज सकाळी त्याचा ‘उठलीस का’ असा एक निरोप येतो, तोही बंद. तुला सांगते, त्या सहा दिवसांत मला वाटलं, आजीच्या खोट्याला मी उगाच हात लावला.

सातव्या दिवशी तो आला. उभ्याउभ्याच म्हणाला, “मी विचार केला. तुझ्यावर चिडावं की त्या डॉक्टरवर, की बाबांवर. बाबा गेले, डॉक्टरही गेला असेल. तू सापडतेस म्हणून तुझ्यावर चिडणं काही खरं नाही.” मग खाली बसला आणि म्हणाला, “पण आई, तू मला आवडीनं वाढवलंस की कर्तव्य म्हणून?”

मी म्हटलं, पहिली दोन वर्षं तुला मी वाढवलंच नाही, तुझ्या बाबांनी आणि तुझ्या ताईनं वाढवलं. त्यानंतर आवडीनं. तुला मी मागितलं नव्हतं, आणि आता तुला कुणी माझ्याकडून मागायला आलं तर मी त्याचे डोळे काढीन. दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं खोटं होत नाही.

त्यानं उठून बूट घातले. जाताना म्हणाला, “ताईला सांग, माझी हरकत नाही. पण मला घेऊन उलट्या बाजूनं कुणाला घाबरवायचं नाही. ‘ठेवलंत तर पोराला गच्चीवर टाकाल’ असं पत्रक काढलंत तर मी दोघींना लिफ्टमध्ये अडकवीन.”

गुडघेवालीला मी तेरा तारखेला सकाळीच सांगितलं, तिची वेळ बाराची होती. पाय तिच्या हातात होता, मी पळून जाऊ शकत नव्हते, ते बरं झालं. म्हटलं, त्या चौकटीतली बाई मी आहे आणि माझ्या आजाराचा त्या गर्भपाताशी संबंध नाही. आजार साडेतीन वर्षं आधीचा. हेही म्हटलं, की माझ्यावरून तू तुझं ठरवू नकोस, मी एकच बाई आहे. तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग पाय आणखी वाकवला, मी ओरडले, ती म्हणाली, “काकू, त्याच दिवशी बोलला असतात तर एवढ्या रात्री मी झोपले नसते का?” आणि पिशवी उचलून गेली. तिनं काय केलं ते मी तुला सांगणार नाही. त्या दिवसानंतर ती रोज दहाला येते आणि मला पूर्वीइतकंच छळते, एवढं पुरे.

तिचा प्रश्न मात्र तुझ्या-माझ्या दोघींच्या नावचा आहे.

तुझं पत्र पोचलं. हातानं लिहिलेलं. पत्रकं मागे घेतलीस, गठ्ठे फाडलेस, वरिष्ठांना लेखी कळवलंस की गोष्ट चुकीची होती. ते सोपं गेलं नसणार. पुढं लिहितेस की माफ कर, आणि त्या चौकटीत आता माझी खरी गोष्ट छापू का.

नाही. ठोंब्यानं सांगितलं म्हणून नाही, मलाच नको. दारात आलेल्या बाईच्या हातात कुणाच्याच आईची गोष्ट देऊ नकोस. अभ्यास काय सांगतात ते सरळ सांग, आधी कधी मन आजारी होतं का ते विचार, आणि असेल तर दोन्ही वाटांवर तिच्यासोबत राहण्याची सोय कर. बाकी ती बोलेल ते ऐक.

आणि माझी माफी मागू नकोस. मी म्हातारी आहे, माफ करायला मला फार वेळ लागणार नाही. ज्यांना ते पत्रक दिलंस त्यांचं काय? सात महिने तू ते वाटत होतीस. तुझ्या नोंदीत सगळ्यांची नावं आणि फोन असणार. त्यांतल्या कित्येकींनी ते वाचून आपला बेत बदलला असेल. कित्येकींनी बदलला नसेल आणि आता रोज सकाळी उठून, वेड कधी लागतंय याची वाट बघत असतील. एकेकीला फोन कर. पत्रकातली गोष्ट चुकीची होती, चूक माझी होती, तुम्हाला बोलावंसं वाटलं तर मी आहे, एवढंच सांग. त्यांनी काय केलं ते विचारायचं नाही. पलीकडे दुसरं कुणी असेल तर तोंड न उघडता फोन ठेवून द्यायचा. हे काम मदतनिसावर ढकललंस तर माझ्या दारात येऊ नकोस.

तू सोमवारी सुरू करणार असशील तर मी येते. तुझ्या खोलीत मी बसणार नाही, त्या बायकांचं बोलणं माझ्या कानांसाठी नाही. बाहेरच्या बाकावर बसेन. काही जणी तुला शिव्या देतील, त्या खाऊन घे. काही जणी नुसत्या फोन ठेवतील. आणि एखादी विचारेल, मग ती बाई होती तरी कोण, खरी होती का, आता कशी आहे.

तिला थांबायला सांग, दार उघड आणि फोन माझ्या हातात दे.

आई